नऊ धावा राहिल्या



क्रिकेट हा शहरी लोकांचा खेळ, आपला त्याच्याशी काय संबंध, असे आता कोणी म्हणत नाही. गावातली पोरे कापणी झालेल्या रानात दगडाच्या यष्ट्या मांडून खेळतात आणि म्हातारी माणसेसुद्धा मोबाईलवर धावा किती झाल्या ते विचारतात. पण आज मी तुम्हांला झटपट सामन्याची गोष्ट सांगणार नाही. सांगणार आहे ती पंचाहत्तर वर्षांपूर्वीच्या एका हंगामाची, १९४८-४९ सालच्या रणजी करंडकाची. ही गोष्ट मी प्रथम ऐकली ती गुऱ्हाळावर.

आमचे थोरले तात्या, म्हणजे माझे चुलते, तरुणपणी गुळाच्या गाडीबरोबर पुण्याला जात. थंडीच्या दिवसांत गुऱ्हाळघर लागले की रात्री चुलवाणाच्या उबेला आम्ही पोरे त्यांच्याभोवती जमत असू. काहिलीत रस उकळत असायचा, मळी वर यायची आणि तात्यांची गोष्ट सुरू व्हायची. ते सांगत, "आपल्या कोल्हापूरच्या गड्यानं पुण्यात चारशे त्रेचाळीस केल्या. जगात नंबर लागायला नऊ कमी. आन् समोरची मंडळी खेळ टाकून घरला गेली! आरं, काहील उतरायला घटकाभर राहिली असताना चुलवाणातला जाळ काढावा, तसं केलं बघ."

तात्यांनी तो सामना पाहिला नव्हता. पेठेत गूळ उतरवताना कानांवर आले तेवढेच. पण 'नऊ कमी' हे शब्द ते अशा काही हळहळीने म्हणत, की जणू त्यांचेच नऊ रवे वाटेत पडले असावेत. पुढे मी शिकलो, शेती खात्यात लागलो, त्या सामन्याविषयी जे मिळाले ते वाचले. तात्यांची गोष्ट खरी निघाली. मात्र ती अर्धीच होती. उरलेली अर्धी त्याच हंगामात, त्याच मैदानावर पुढे घडली होती.

आधी स्पर्धेविषयी दोन शब्द सांगतो. रणजी करंडक १९३४-३५ साली सुरू झाला. नवानगरचे महाराज रणजितसिंहजी हे मोठे फलंदाज होऊन गेले, त्यांच्या नावाने ही स्पर्धा भरते. आता संघांचे गट पाडतात, त्यामुळे एखादा सामना हरला तरी पुढच्यात भरून काढता येते. १९५७-५८ पूर्वी तसे नव्हते. हरला तो घरी, अशी बाद पद्धत होती. वर्षभराची तालीम, आणि एका सामन्यात घसरलात की त्या सालाला राम राम. पहिल्या पावसावर पेरून दुबार पेरणीला बी शिल्लक नसलेल्या माणसाची गत काय असते, ते तुम्हांला मी सांगायला नको. हे सामने दिवस दिवस चालत. प्रत्येक संघाला दोनदा खेळायला मिळे आणि सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात ज्याच्या धावा जास्त तो पुढे जाई.

महाराष्ट्राच्या संघाचा त्या काळी दबदबा होता. पुण्याचे प्राध्यापक दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखाली १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे करंडक महाराष्ट्राकडे आला होता. देवधर शिकवीत संस्कृत आणि खेळत क्रिकेट, तेही पन्नाशीला टेकल्यावर!

तर डिसेंबर १९४८ मध्ये पुणे क्लबच्या मैदानावर महाराष्ट्राची गाठ काठेवाडच्या संघाशी पडली. काठेवाडचे कर्णधार होते राजकोटचे ठाकूरसाहेब. काठेवाडचा पहिला डाव २३८ धावांत आटोपला. महाराष्ट्राचा डाव सुरू झाला. पहिला गडी बाद झाल्यावर भाऊसाहेब निंबाळकर खेळायला आले. वय नुकतेच २९ पुरे झालेले, जन्म कोल्हापूरचा. फलंदाजी हे त्यांचे मुख्य काम, पण वेळ पडली तर गोलंदाजीही करायचे आणि यष्टींमागेही उभे राहायचे. आपल्याकडे एखादा गडी नांगरही धरतो, मोटही हाकतो आणि वेळेला गाडीचे चाकही बसवतो, तशातला हा माणूस.

समोर कमल भांडारकर होते. या दोघांनी मिळून ४५५ धावांची भागी केली. भांडारकर २०५ धावा करून बाद झाले. निंबाळकर खेळतच राहिले. दिवस मावळला, दुसरा उजाडला, तरी निंबाळकर उभेच. एकूण सुमारे सव्वाआठ तास ते खेळपट्टीवर होते. त्यांनी ४९ चौकार आणि एकच षटकार मारला. हिशेब करून पाहा. चौकार-षटकारांच्या धावा झाल्या २०२. उरलेल्या २४१ धावा त्यांनी पळून काढल्या. पायांत पॅड बांधून, हातात बॅट घेऊन, फक्त स्वतःच्या धावांसाठीच हा माणूस चार किलोमीटरांहून जास्त पळाला. जोडीदाराच्या धावांसाठी पळाला तो वेगळाच. दिवसभर औतामागे चाललेल्या माणसाला याचा अर्थ बरोबर कळेल.

तिसऱ्या दिवशी मधली सुट्टी झाली तेव्हा महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ धावा झाल्या होत्या आणि निंबाळकर नाबाद ४४३ वर होते. त्या वेळी एका डावातला जगातला उच्चांक होता ऑस्ट्रेलियाच्या डॉन ब्रॅडमन यांचा, नाबाद ४५२. तो त्यांनी १९३० साली सिडनीला केला होता. त्याची बरोबरी करायला नऊ धावा हव्या होत्या आणि तो मोडायला दहा. दोन चौकार आणि दोन वेळा पळणे. सव्वाआठ तास खेळलेल्या माणसाला पाव घटकेचे काम.

पण ठाकूरसाहेबांचे म्हणणे पडले की आता डाव सोडा, नाहीतर आम्ही सामना सोडतो. आणखी दोन षटके खेळू द्या, अशी विनवणी महाराष्ट्राकडून झाली असे सांगतात. ती मान्य झाली नाही. काठेवाडचा संघ मैदानात परतलाच नाही. सामना महाराष्ट्राला मिळाला, निंबाळकरांच्या नऊ धावा मात्र राहिल्या त्या राहिल्याच.

इथे ठाकूरसाहेबांना शिव्या देणे सोपे आहे. आमचे तात्या भरपूर देत. पण थोडे त्यांच्या बाजूनेही पाहू. आपले गडी दीड-दोन दिवस उन्हात पळताहेत. गोलंदाजांचे खांदे उतरले आहेत. ५८८ धावांची पिछाडी आहे. सामना हातचा गेला आहे, म्हणजे त्या सालची स्पर्धाही गेली आहे. अशा वेळी दुसऱ्याच्या विक्रमासाठी आपण का राबावे, असे मनात येणे माणसाला धरूनच आहे. सामना सोडून देण्याला नियमाची आडकाठीही नव्हती. नियमाप्रमाणे ते चुकले नाहीत. पण वाचकहो, नियमाने चूक नसणे आणि वागणे बरोबर असणे यांत बांधाएवढे अंतर असते.

आता उरलेली अर्धी गोष्ट.

मार्च १९४९ उजाडला. महाराष्ट्र उपांत्य सामन्यापर्यंत पोचला होता. गाठ होती मुंबईशी. मैदान तेच, पुणे क्लबचे. म्हणजे ज्या मातीवर डिसेंबरात महाराष्ट्राने ८२६ धावा पिकवल्या, तीच माती. या वेळी तिने मुंबईला पीक दिले. मुंबईने पहिल्या डावात ६५१ धावा केल्या. माधव मंत्री यांनी २०० काढल्या. हे मंत्री म्हणजे सुनील गावसकरांचे मामा. उदय मर्चंट यांनी १४३ आणि दत्तू फडकर यांनी १३१ केल्या. फडकरांचाही जन्म कोल्हापूरचाच. एकाच गावचे पाणी कधी या पाटाला तर कधी त्या पाटाला!

महाराष्ट्राने उत्तरात ४०७ धावा केल्या. मनोहर दातार यांच्या १४३ आणि रेगे यांच्या १३३. एरवी ४०७ म्हणजे भरल्या खळ्यासारखे, पण इथे २४४ कमी पडले. एवढी पिछाडी असली की पुढचा संघ मागच्याला लगेच पुन्हा खेळायला लावू शकतो. मुंबईने तसे केले नाही. ती स्वतःच पुन्हा खेळायला उतरली आणि तिने ८ बाद ७१४ धावा केल्या. मर्चंटनी पुन्हा शतक ठोकले, १५६. फडकरांनीही पुन्हा, १६०. दोन डावांत मिळून मुंबईच्या १३६५ धावा झाल्या. त्या सगळ्या महाराष्ट्राच्या गोलंदाजांनी आणि क्षेत्ररक्षकांनी मार्चच्या उन्हात सोसल्या.

आता महाराष्ट्रापुढे जिंकायला धावा हव्या होत्या ९५९. शेवटच्या डावात इतक्या धावा जगात कोणी केल्या नव्हत्या, आजवर कोणी केलेल्या नाहीत. पहिल्या डावाची आघाडी मुंबईची असल्याने सामना बरोबरीत सोडवूनही उपयोग नव्हता. सामना गेला हे मैदानावरच्या प्रत्येकाला ठाऊक होते. इथे महाराष्ट्रानेही म्हटले असते की, सांभाळा तुमचा सामना, आम्ही चाललो, तर कोणाला नवल वाटले असते? डिसेंबरचा दाखला ताजा होता.

पण महाराष्ट्राचे गडी पॅड बांधून उतरले आणि खेळले. रेगे यांनी पुन्हा शतक केले, बरोबर १००. शरद देवधर यांनी १४६ काढल्या. डाव संपला तेव्हा फलकावर ६०४ धावा होत्या. हरायचे नक्की असलेल्या सामन्याच्या शेवटच्या डावात ६०४! महाराष्ट्र ३५४ धावांनी हरला, पुढे मुंबईने अंतिम सामन्यात बडोद्याला हरवून करंडक नेला. त्यानंतर महाराष्ट्र अंतिम सामन्यापर्यंत काही वेळा पोचला, पण करंडक काही पुन्हा हाती आला नाही.

मात्र पुण्याच्या त्या सामन्यात दोन्ही बाजूंच्या मिळून २३७६ धावा झाल्या आणि नऊ शतके लागली. प्रथम श्रेणीच्या कोणत्याही सामन्यातला एकूण धावांचा हा जागतिक उच्चांक आजही उभा आहे. तो एकट्या मुंबईचा नाही. त्यातल्या १०११ धावा हरलेल्या महाराष्ट्राच्या आहेत. शेवटच्या डावात ते खेळले नसते, तर विजेत्या मुंबईचेही नाव त्या पानावर लागले नसते.

म्हणजे पाहा, एकाच हंगामात, एकाच मैदानावर, हरणाऱ्याने काय करायचे याचे दोन नमुने घडले. एकाने गेलेला सामना सोडला आणि दुसऱ्याचे नऊ धावांचे काम अपुरे राहिले. दुसऱ्याने गेलेला सामना शेवटपर्यंत खेळून दाखवला आणि समोरच्याचेही काम पुरे झाले.

ही गोष्ट मी इतकी वर्षे मनात का घोळवीत राहिलो, ते आता सांगतो. सांगायला जड जाते, पण सांगतो.

नोकरीला लागून दोन-तीन वर्षे झाली होती. सोलापूरकडच्या एका गावात रब्बी ज्वारीच्या पीकस्पर्धेचे वजन घ्यायला मी गेलो होतो. शेतकरी साठीचे, कोरडवाहू रान, पण ज्वारी अशी की ताटात माणूस दिसू नये. त्यांनी वेळेवर कुळवणी करून ओल धरली होती, बियाण्याला गंधक चोळले होते, कोळपण्या चुकवल्या नव्हत्या. आम्ही शिकवलेले सगळे त्या माणसाने केले होते. ठरलेल्या चौकटीतले पीक कापले, कणसे खुडली, मळणी सुरू झाली. सगळ्याला वेळ लागला. दिवस कलला. माझी शेवटची एस. टी. साडेसहाची.

रास झाली, वजन सुरू झाले. खळ्याच्या कडेला अर्धवट मळलेली थोडी कणसे राहिली होती आणि मातीत मिसळलेले दाणे झाडून घ्यायचे होते. शेतकऱ्याच्या बाईंनी हातात केरसुणी घेतली आणि म्हणाल्या, "सायब, एवढं खळं झाडून हुं द्या की."

मी घड्याळ पाहिले आणि म्हणालो, "मावशी, त्यात काय असणार? ओंजळभर. चालायचंच." वजनाचा आकडा लिहिला, सह्या घेतल्या, एस. टी. गाठली. कागदाप्रमाणे सगळे बिनचूक होते.

महिन्याने निकाल लागला. तालुक्यात त्यांचा नंबर दुसरा आला. पहिल्यात आणि त्यांच्यात अंतर थोडेसेच होते. ते खळ्यावरच्या दाण्यांनी भरून निघाले असते की नाही, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. आणि खरी बोच तिथेच आहे. वजन झालेच नाही, तर कळणार कसे?

मी त्यांना भेटायला गेलो. ते रागावले नाहीत. चहा झाला. निघताना म्हणाले, "सायब, बक्षिसाचं काय घिऊन बसलाव. पर आमचं माप पुरं झालं न्हाई, एवढं वाटतं."

एस. टी.च्या खिडकीशी बसलो आणि तात्यांचे शब्द आठवले. काहील उतरायला घटकाभर राहिली असताना चुलवाणातला जाळ काढणारा माणूस दुसरा कोणी नव्हता, मीच होतो. लहानपणापासून ज्या ठाकूरसाहेबांवर हसलो, त्यांच्याच जागी मी उभा होतो. त्यांच्याजवळ निदान दीड दिवसाची दमणूक तरी होती. माझ्याजवळ साडेसहाची गाडी होती.

त्या दिवसापासून खळे झाडून होईपर्यंत मी वजनाचा आकडा लिहिलेला नाही. दोन वेळा शेवटची गाडी चुकली. एकदा देवळात झोपलो, एकदा त्या घरच्यांनी पिठले-भाकरी घालून अंगणात अंथरूण टाकून दिले. त्यात मोठेपणा काही नाही. उशिरा सुचलेले शहाणपण आहे, एवढेच.

आणि निंबाळकरांचे पुढे काय झाले, हे तुम्ही विचारालच. ते भारताकडून एकही कसोटी सामना खेळले नाहीत. त्यांना ती संधी मिळालीच नाही. पण म्हणून त्यांनी बॅट खुंटीला टांगली नाही. पुढे कित्येक वर्षे ते रणजी सामने खेळले, रेल्वेच्या संघाकडूनही खेळले. ब्रॅडमन यांचा उच्चांक पाकिस्तानच्या हनीफ महंमद यांनी १९५९ साली मोडला. तेही ४९९ वर धावबाद झाले, पाचशेला एक कमी! पुढे १९९४ साली वेस्ट इंडीजच्या ब्रायन लाराने नाबाद ५०१ केल्या. पण भारतीय खेळाडूच्या प्रथम श्रेणीतल्या सर्वांत मोठ्या खेळीचा आकडा काढलात, तर अजूनही तोच येतो, ४४३. एवढे मोठमोठे फलंदाज होऊन गेले, हा आकडा कोणाला ओलांडता आलेला नाही. निंबाळकर ११ डिसेंबर २०१२ रोजी कोल्हापुरात वारले. वयाची ९३ वर्षे पुरी व्हायला एक दिवस कमी होता.

तात्या आता नाहीत. असते तर मी त्यांना सांगितले असते की, तात्या, नऊ धावा राहिल्या त्याची हळहळ खरी. पण ज्या ४४३ झाल्या, त्या कोणाला काढून घेता आल्या नाहीत. त्या मापाच्या आत पडल्या होत्या.

बंधू-भगिनींनो, आपल्या शेतीचा हंगामही पुष्कळदा बाद पद्धतीचाच असतो. काढणीला आलेल्या द्राक्षावर गारा पडतात, भरलेल्या कणसावर अवकाळी येतो, मालाची गाडी भरली की भाव कोसळतो. कोण कधी सामना अर्ध्यावर सोडून निघून जाईल, ते आपल्या हातात नाही. मात्र दुसऱ्याचे माप पुरे होऊ देणे आपल्या हातात असते. तुमच्या रानात खुडणीला आलेल्या बाईची शेवटची पाटी मोजून घ्या, दिवस मावळला तरी. सालगड्याचा हिशेब पाडव्याला पै-पैशासकट पुरा करा. भावाच्या वाट्याची मोजणी चालू असेल, तर शेवटचा बांध मोजून होईपर्यंत चहाला उठू नका.

आणि आमच्यासारखा कोणी साहेब घड्याळाकडे पाहून "चालायचंच" म्हणू लागला, तर त्याला खळ्यावर बसवून ठेवा. केरसुणी त्याच्याच हातात द्या.